खरा जॅझप्रेमी कोण?

प्रश्न : मी काही वर्षं जॅझ ऐकतोय. पण मित्रांत कुणी रेकॉर्डिंगच्या तारखा, वादकांची नावं घडाघडा सांगू लागलं की मी गप्प होतो. सॅक्सोफोन ऐकला की अंगावर काटा येतो, एवढंच मला सांगता येतं. मग मी खरा जॅझप्रेमी म्हणायचा का?

उत्तर : तारखांचा नाद मलाही आहे, त्यात गैर काही नाही. पण मी कुणालाही एकच विचारते : सोलो, म्हणजे एकट्या वादकाचं त्या क्षणी सुचेल तसं वाजवणं, चालू असताना त्याच्याखालचं मूळ गाणं तुम्हाला ऐकू येतं का?

‘बॉडी अँड सोल’ हे गाणं घ्या. आधी गायिका बिली हॉलिडेने गायलेलं ऐका, चाल तोंडात बसू द्या. आठ बारांची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा) सुरावट दोनदा, मग आठ बारांचा ब्रिज, म्हणजे वेगळ्या चालीचा मधला भाग, मग पुन्हा पहिली सुरावट, असे ३२ बार. आता कोलमन हॉकिन्सचं ११ ऑक्टोबर १९३९चं रेकॉर्डिंग लावा. पियानोच्या छोट्याशा सुरुवातीनंतर तो टेनर सॅक्सोफोनवर ही ३२ बारांची आवर्तनं दोन वाजवतो. सुरुवातीला चाल ओळखू येते, मग तो तिला सोडून जो निघतो तो निघतोच. तुम्ही मात्र ती मनात गुणगुणत राहा. ब्रिजला सगळं अर्ध्या स्वराने वर चढतं. ती जागा बार न मोजता सापडू लागली की हॉकिन्स कुठे चालीला खेटून जातो आणि कुठे दूर पळतो, ते आपोआप कळतं. मग सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६०मध्ये वाजवलेलं तेच गाणं ऐका. मला तर ते दर वेळी नवं वाटतं.

आणि कान एकट्या सॅक्सोफोनवर ठेवू नका. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये वाजवलेलं ऐका. मागे ग्लासांची किणकिण, लोकांची कुजबुज आहे. स्कॉट लाफारोचा बास नुसता ताल धरून बसत नाही, पियानोचं वाक्य पुरं व्हायच्या आत मध्येच बोलतो. अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला, अवघ्या पंचविशीत. एकदा सगळं फक्त त्याच्यासाठी ऐका, एकदा पॉल मोशनच्या ड्रम्ससाठी. मग मित्रांनाही तेच लावून द्या आणि बास काय म्हणतोय ते विचारा.