आई ओळखत नाही, तर व्हिडिओ कॉल करायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७८ वर्षांच्या, पुण्यात भावाकडे, अल्झायमर मधल्या टप्प्यात. तुम्ही न्यू जर्सीत. दर रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल लावता. दोन मिनिटांत त्या उठून जातात, तुम्हाला कधी 'ताई' म्हणजे आपली मोठी बहीण समजतात आणि 'हे अजून कसे आले नाहीत?' म्हणून विचारतात. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना त्रास होत असेल तर कॉल बंदच करावा का?

बंद करू नका. पण आधी वेळ बदला. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात, तुमची घड्याळं मागे गेली की, साडेसात. अल्झायमरच्या पेशंटसाठी दिवेलागणीपासूनची ही वेळ सगळ्यांत वाईट. दिवसभराचा शिणवटा, अंधुक उजेड, भिंतीवर सावल्या, घरात माणसांची ये-जा. 'मला घरी जायचंय' हे याच सुमारास सुरू होतं. त्याऐवजी शुक्रवारी रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेनऊला लावा. पुण्यात शनिवारचे सकाळचे आठ वाजलेले असतील. चहा-नाश्ता झालेला हवा आणि लघवीला जाऊन आलेल्या हव्यात. दोन मिनिटांत उठून जाण्यामागे बऱ्याचदा तेवढंच कारण असतं. आठ-दहा मिनिटं पुरेत, आणि चांगलं चाललंय तोवरच ठेवा. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांपेक्षा दोनदा आठ मिनिटं कितीतरी बरी.

आता मांडणी. आईंच्या हातात फोन देऊ नका. स्क्रीनवरचा चेहरा एवढासा दिसतो आणि हात हलला की तोही हलतो. दहा इंची टॅब स्टँडवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवायला सांगा. कोपऱ्यात आपलंच चित्र दिसतं ते लपवा. हे फार जण विसरतात. आईंच्या मनात त्या स्वतः चाळिशीच्या असतील, तर कोपऱ्यातली पिकल्या केसांची म्हातारी त्यांना परकी वाटते, आणि 'ही कोण बाई आपल्याकडे बघतेय?' म्हणून त्या बिथरतात. चष्मा पुसलेला असावा, कानातल्या मशीनचा सेल तपासलेला असावा, टीव्ही बंद. भाऊ किंवा आईंना सांभाळायला येणाऱ्या मावशी, जे कोणी असेल त्यांनी आईंच्या शेजारी बसावं. मागे उभं राहून 'बोला ना आजी, बोला' करू नये, कारण समोर एक चेहरा आणि मागून दुसराच आवाज हे त्यांना जुळवता येत नाही. तुमच्या बाजूला उजेड तुमच्या तोंडावर पडू दे. खिडकीकडे पाठ केलीत तर त्यांना काळी सावलीच दिसणार.

बोलण्याची सुरुवात प्रश्नाने करू नका. 'ओळख बघू मी कोण?' हा तर सगळ्यांत वाईट प्रश्न. 'आई, मी मंदा, तुझी धाकटी' असं सरळ सांगून मोकळं व्हा. 'सकाळी काय खाल्लंस?' हेही नको. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो आणि नव्या गोष्टींची नोंद करण्याचं काम त्याच्याकडेच असतं. म्हणजे आई सकाळचे पोहे विसरलेल्या नसतात, त्यांची नोंदच झालेली नसते. तरीही विचारलंत तर त्या काहीतरी रचून सांगतील किंवा ओशाळतील. त्यापेक्षा काहीतरी दाखवा आणि त्याबद्दल तुम्हीच बोला: 'ही बघ, इकडे कुंडीत मिरची लावलीय.' मग थांबा. मनात पंधरापर्यंत आकडे मोजा. आपण तीन सेकंदांत घायकुतीला येतो आणि तेच दुसऱ्या शब्दांत विचारतो. तिकडे त्या पहिलं वाक्य अजून लावत असतात, त्यात नवं येऊन आदळलं की सगळंच सांडतं. पुन्हा सांगायची वेळ आली तर शब्द तेच ठेवा.

'ताई' म्हणाल्या तर 'हो गं' म्हणा. ताईचं सोंग आणायची गरज नाही, पण दुरुस्तीही नको. आपलं माणूस आहे एवढं त्यांनी ओळखलंय, चुकलंय ते फक्त नाव. आणि आयुष्यातल्या जुन्या काळात त्या वावरत असतील तर 'आई' या हाकेला ओ येणार नाही. माहेरच्या नावाने, 'बेबी' किंवा 'माई' जे काही असेल त्याने, हाक मारून पाहा. माहेर मालवणचं असेल आणि बोलण्यात मालवणी डोकावू लागली असेल, तर मोडकंतोडकं का होईना, मालवणीतच उत्तर द्या. लहानपणची बोली सहसा उशिरापर्यंत टिकते.

वडिलांचा प्रश्न अवघड, आणि इथे मतं वेगवेगळी आहेत. 'आई, बाबा गेले ना' असं दर वेळी सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने सुतक घालणं, हे तर उघडच आहे. 'ऑफिसला गेलेत, येतील' हे बरेच जण सांगतात आणि त्या क्षणी ते चालूनही जातं. मला ते पटत नाही, कारण तुम्ही फोन ठेवून झोपाल, पण आई संध्याकाळी दारात जाऊन बसतील आणि त्यांना तिथून उठवायचं भावाला आहे. शब्दाला उत्तर देण्यापेक्षा मागच्या भावनेला द्या: 'बाबांची आठवण येतेय ना? पोह्यांवर किती लिंबू पिळायचे गं ते!' बऱ्याचदा गाडी पोह्यांवर जाते. त्यांनी थेट 'ते गेले का?' असं विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. एकदाच, हळू आवाजात 'हो' म्हणा आणि रडू आलं तर येऊ द्या.

आता खरी गंमत. कॉलवर बोलायलाच हवं असं कुणी सांगितलंय? हातांची सवय बोलण्यापेक्षा जास्त टिकते. दोन्हीकडे वाती करा. आईंसमोर पिंजलेल्या कापसाची एक मूठ, वाटीत चमचाभर दूध आणि नमुन्याला एक तयार फुलवात. मावशींनी पहिल्या वातीला हातावर हात ठेवून सुरुवात करून द्यायची, टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. तुम्हीही कॅमेऱ्यासमोर तेच करत राहा. बिघडतं ते दोन कारणांनी. एक, अख्खा गुंडा पुढ्यात ठेवला की त्या बावरतात. दुसरं, कुणीतरी 'अशी नाही, अशी' म्हणतं. वाकडी झाली तरी त्यातलीच एक संध्याकाळी देवापुढे लावा, त्यांच्यादेखत. कापूस तोंडात जाऊ लागला तर वाती बंद, मग धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालायला द्या.

आरत्या, ओव्या, स्तोत्रं जे पाठ असेल ते जरूर म्हणा. पण कॉलवर एका सुरात गाता येत नाही. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि दोघींचा ताल तुटतो. पहिली ओळ तुम्ही संथ म्हणा, शेवटचा शब्द सोडा आणि स्वतःचा माइक बंद करा. पुढे तिकडच्यांनी न्यायचं. तुमच्या आवाजातली आरती रेकॉर्ड करून भावाकडे ठेवली तर आंघोळीच्या कटकटीच्या वेळीही ती उपयोगी पडेल.

ब्युरोच्या मावशी बदलत असतील तर एक पानभर माहिती भिंतीवर लावा: कोणत्या नावाने हाक मारायची, चहात साखर किती, कशाची भीती वाटते, आणि मुख्य म्हणजे लघवीसाठी त्या कोणता शब्द वापरतात. 'मागे जायचंय' म्हणणाऱ्या बाईंना नव्या मावशी मागच्या खोलीत नेऊन बसवतात, आणि मग पातळ ओलं झालं की 'आजी ऐकतच नाहीत' अशी तक्रार होते.

एक सावधगिरी. एखाद-दोन दिवसांत अचानक गुंगी, भलतेच भास किंवा टोकाची चिडचिड दिसली तर 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा सर्दीची एखादी गोळी यातलं काहीही असू शकतं. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्या ॲसिटिलकोलीन या आठवणीसाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या आड येतात, आणि डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध चालू असेल तर ते नेमकं तेच रसायन टिकवायला धडपडत असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हा बदल कॉलवर तुम्हालाच आधी जाणवण्याची शक्यता आहे, रोज बघणाऱ्याचे डोळे सरावतात.

डिसेंबरात येणार म्हणालात. पहिल्या दिवशी विमानतळावरून चार नातेवाइकांसकट थेट आत शिरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्या जा, समोरून जा, त्यांच्यापेक्षा खाली, पाटावर बसा. नाव सांगा. मग खोबरेल कोमट करून घ्या आणि विचारा, 'तेल लावू का डोक्याला?'