स्विफ्टला एक्झॉस्ट बसवायच्या आधी

मित्रा, तुझं इंजिन ११९७ सीसीचं, टर्बो नाही. नुसता एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर नेणारा, पाइप बदलून ताकद वाढेल ही आशा सोड. बदलणार तो आवाज.

पाइप दोन इंचांपेक्षा जाड घेऊ नकोस. मी हौसेनं अडीच इंची टाकला आणि गाडी चढावर खालच्या गिअरमध्ये रडायला लागली. शिवाय मेकॅनिकच्या नादाने मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज दाबणारा डबा, काढला. एक्स्प्रेस-वेवर पाचव्या गिअरला अडीच हजार आरपीएमवर आत असा घुमारा उठायचा की लोणावळा येईपर्यंत आईचं डोकं ठणकत होतं. गल्लीत ऐकलेला आवाज फसवा असतो. आधी कुणाची तरी गाडी हायवेवर नेऊन बघ.

कॅटला, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, हात लावायचा नाही. बीएस-६ गाडीत त्याच्या मागेही ऑक्सिजन सेन्सर असतो, कॅट काढलास की चेक इंजिनचा दिवा लागलाच समज. जे बदलायचं ते कॅटच्या मागचं.

स्टील ३०४ ग्रेडचं घे. ४०९ स्वस्त पडतं, पण तांबूस डाग धरतं. कोकणात जाणं-येणं असेल तर नकोच. जोड आर्गन वेल्डिंगचे हवेत, आणि गाडी जॅकवरून उतरवण्याआधी पाइप बंपरला घासत नाही ना ते स्वतः वाकून बघ.

पोलिसांचं म्हणशील, तर आवाजाचे नियम मोडले म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्यांदाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नकोस, माळ्यावर ठेव.