कोयत्याचा घाव आणि पहिली दहा मिनिटं

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, पुढे पाखाडी. गेल्या वर्षी माडावरून उतरताना एकाच्या मांडीत कोयता घुसला. कोणी हळद आणली, कोणी कॉफी पावडर. शेवटी सुतळीने पाय आवळून त्याला डोलीतून वर नेला. वाचला. आता मंडळात प्रगत प्रथमोपचाराचं शिबिर घ्यायचं चाललंय. साध्या मलमपट्टीपलीकडे त्यात काय शिकून घ्यावं?
– एक बागायतदार

उत्तर : दादा, शिबिर जरूर घ्या, आणि आंबा उतरवायला सुरुवात होण्याआधी घ्या. ग्रामीण रुग्णालयात मी नोकरी केली ती बहुतेक अपघाताच्या खोलीतच. हळदीने माखलेल्या जखमा पुष्कळ धुतल्या. वाहतं रक्त हळदीने थांबत नाही, दाबाने थांबतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण ५ लिटर. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत माणूस हातचा जातो. १०८ ला फोन लगेच करायचाच, पण गाडी येईपर्यंत दाब धरणारे हात वाडीतलेच असणार.

म्हणून शिकवणाऱ्यांना आधीच सांगा, नुसतं भाषण नको, प्रत्येकाच्या हातून करून घ्या. जखमीला बाजेवर किंवा गादीवर ठेवून दाबलं तर सगळा जोर गादीत जातो. खाली जमिनीवर घ्यायचं, कोपरं ताठ ठेवायची आणि अंगाचा भार टाकायचा. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. घाव खोल असेल तर स्वच्छ सुती कापडाची लांब पट्टी बोटाने तळापर्यंत ठासत भरायची आणि वरून दाबायचं. जांघेत, काखेत टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायचा पट्टा) बसत नाही, तिथे हेच कामाला येतं. छातीत-पोटात मात्र कधीही काही कोंबू नये. सरावाला जाड फोमच्या तुकड्याला भोक पाडलं तरी चालतं.

सुतळी पुन्हा नको. ती कातडीत रुतते आणि आतलं रक्त चालूच राहतं. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निकेट, ते नसेल तर निदान चार सेंटीमीटर रुंद पट्टी, जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायची. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. पट्टीत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायची. जखमी ओरडेल, तेवढं दुखतंच, म्हणून सैल करू नका. बांधल्याची वेळ कपाळावर पेनाने लिहा. ती पट्टी डॉक्टरच सोडतील.

झाडावरून पडलेल्याला लगेच उठवून बसवू नका. मान न हलवता, चौघांनी एकाच बोलावर कुशीवर कसं वळवायचं, हेही घोकून घ्या.

आणखी एक, अगदी मनापासून. शिबिराला फक्त तरुण पोरांना बसवू नका. निम्मी पोरं गणपती झाले की मुंबईला जातात. भर दुपारी वाडीत असतात त्या बायका, म्हातारी माणसं, अंगणवाडीच्या ताई. त्यांना पहिल्या रांगेत बसवा. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या दोन्ही संस्था असं प्रशिक्षण देतात.

प्रश्न : होडीवर दोरात अडकून बोट तुटलं तर ते बर्फात ठेवून न्यायचं का? बंदरावर बर्फ असतोच.
– एक तांडेल, हर्णै

उत्तर : थेट बर्फात नको. मांस गोठून खराब होतं आणि मग जोडता येत नाही. आधी हाताचं रक्त दाबून थांबवा. बोट गोड्या पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. मासळीच्या पेटीतला बर्फ चालेल, फक्त पिशवीत पाणी शिरता कामा नये. जखमीला काही खायला-प्यायला देऊ नका, पुढे भूल द्यावी लागते. आणि पिशवी त्याच्याच गाडीतून पाठवा, मागाहून दुसऱ्या कुणाबरोबर नको.