आधी तोंडात येऊ दे

पोरी,

परवा रात्री तू स्लॅबवर बसून वाजवत होतीस, तेव्हा मी खाली रस्त्यात उभा होतो. डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘हायवे स्टार’ गाण्यातला सोलो, म्हणजे मधला गिटारीचा तुकडा. ओळखला, पण अंदाजानं. बोटं धावत होती, गाणं मागं राहिलं होतं. सकाळी तुझा मेसेज आला: टॅब (दांडीवर बोट कुठं ठेवायचं त्याचे आकडे) पाठ आहे, चार महिने झाले, मिनिटाला 140 ठोक्यांच्या वर हात जात नाही, नवी गिटार घेऊ का?

काही गरज नाही. मला एकच सांग, तो सोलो तुला तोंडानं म्हणता येतो का? कापूस वेचताना, गिटार हातात नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत? नसेल येत तर बोटांना काहून मारतेस? जे तोंडात नाही ते बोटात कुठून येईल बाप्पा!

तबला शिकणाऱ्या पोराला गुरुजी आधी बोल म्हणायला लावतात. तुझे आजोबा भजनात खंजिरी वाजवायचे, तेव्हा तुकडोजी महाराजांचं पद ओठांवर असायचं आणि हात त्याच्या मागून जायचा. ही रीत घरात असताना तू मोबाइलवर फ्रेटचे, म्हणजे दांडीवरच्या खणांचे, आकडे घोकत बसतेस. टॅब म्हणजे सातबारा. शेत कुठलं, किती, ते कळतं. माती कशी आहे ते वावरात उतरल्याशिवाय कळत नाही.

त्यात हा सोलो तर म्हणण्यासाठीच केल्यासारखा आहे. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर एरवी सुचेल तसं वाजवणारा माणूस. हा मात्र त्यानं रेकॉर्डिंगच्या आधीच सूर न् सूर बसवून ठेवला होता, असं त्यानंच सांगितलंय. रेकॉर्डिंग 1971 च्या डिसेंबरातलं, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोचं. रेकॉर्डिंगसाठी ठरलेला कॅसिनो जळाला, मग हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलात गाद्या-बिद्या लावून काम उरकलं. एवढ्या धावपळीतही त्या जलद तुकड्यात एक सूर इकडचा तिकडे नाही. खाली डी मायनर, जी मायनर, सी, ए असे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, फिरतात, जुना जर्मन संगीतकार बाख याच्या वळणाचे. वर गिटारीच्या दोन ओळी एकीवर एक चढवलेल्या. ते चार कॉर्ड हार्मोनियमवर धर आणि वरची ओळ म्हण. मूळ लय मिनिटाला 170 ठोक्यांच्या आसपास आहे, तिथं जीभ अडखळणारच. निम्म्यावर, 85 वर म्हण. श्वास जिथं तुटेल तिथं पेन्सिलनं खूण कर. तिथं वाक्य संपतं. तू सगळं एका दमात पळवतेस, म्हणून 140 ला धाप लागते. तारा छेडायची पिक बदलून धाप जाते का?

रागावतोय असं वाटेल. रागावतोच आहे, पण तुझ्यावर कमी.

माझं ऐक. माझ्याकडं कॅसेट होती, आणि गावात लाईनचा भरवसा नव्हता, म्हणून टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की टेप हळू पळतो आणि सूरही खाली येतो. मी महिनाभर तसंच ऐकून हा सोलो बसवला. हार्मोनियमच्या पट्टीत सांगायचं तर मूळ पांढरी दोनचा, माझा बसला अर्धा सूर खाली, काळी एकमध्ये. लयही 170 ची 160 झालेली. गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर उभा राहिलो, कीबोर्डवाल्यानं पांढरी दोन धरली, आणि माझा पहिलाच सूर असा लागला की पुढच्या रांगेतली लेकरं हसली. आता गंमत बघ. हात एक फ्रेट वर सरकवला असता तर सगळं जुळलं असतं. एक फ्रेट! पण बोटांना जागा पाठ होत्या, मला सूर पाठ नव्हते. तिथंच थिजलो. पुढच्या हंगामात गिटार विकली.

वीस वर्षं मी सेलना दोष दिला. अजूनही देतो थोडा. नवे सेल असते तर त्या रात्री वाजलं असतं, हे कोणीही मान्य करील. आणि घरी तेव्हा सेलपेक्षा फवारणीच्या औषधाला पैसे लागत होते, ती काही माझी चूक नव्हती. पण तोंडात असता तर सेल मेले तरी वाजला असता. तोंडात नव्हता.

तुझ्या मोबाइलवर लय निम्मी केली तरी सूर जागचा हलत नाही. आम्हाला हे मिळालं असतं तर... जाऊ दे. तू ते फक्त बोटं पळवायला वापरतेस, याचा मला राग येतो. ऐकायला वापर. आठ सेकंद ऐक, बंद कर, म्हण. चुकलं की परत. बोटांची काळजी करू नको. वेचणीनं ती माझ्यापेक्षा घट्ट झालीत.

रविवारी दुपारी ये, त्या वेळी लाईन नसते. गिटार घरीच ठेव. हार्मोनियमच्या भात्याला पट्टी लावून ठेवतो. आईला सांग, चहा आमच्याकडंच.

तुझा काका