मुलगा ११ वर्षांचा, उंच. पुण्यातल्या बास्केटबॉल क्लबात सर त्याला कायम रिंगखालीच उभं करतात. योग्य आहे का?

नाही, या वयात एकाच जागी बांधू नका. लवकर वाढलेल्या मुलांना बाकीचे बहुतेक वेळा १५-१६व्या वर्षी उंचीत गाठतात. तोवर ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) आलं नसेल तर बाकावरच बसावं लागतं. सोसायटीत रोज १५ मिनिटं पुरेत:

- डाव्या हाताने ड्रिबल. समोर तुम्ही बोटं दाखवा, त्याने चेंडूकडे न बघता आकडा सांगायचा.
- दोन्ही बाजूंनी दहा-दहा ले-अप (पळत येऊन रिंगजवळ उडी मारून चेंडू टाकणं). ले-अप डाव्या हाताने असेल तर उडी उजव्या पायावरून. बहुतेकांचं इथेच चुकतं.

चेंडू ५ नंबरचाच, म्हणजे लहान मुलांच्या आकाराचा. ७ नंबरचा, मोठ्यांचा, जड पडतो, मग मुलं कमरेतून फेकतात आणि कोपर बाहेर जातं. मॅचमध्ये मात्र सरांनी रिंगखाली ठेवलं तर वाद नको. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर ले-अप टाळा, पार्किंगमध्ये ड्रिबल चालेल.