शाळकरी हॉकी गोलरक्षकाची नजर आणि हातांचा मेळ सुधारण्यासाठी कोणते साहित्य घ्यावे?

सुरुवात टेनिसचा चेंडू आणि भिंत यांनीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पेनल्टी स्ट्रोक गोलपासून अवघ्या 6.4 मीटरवरून मारला जात असल्याने चेंडू सुटल्यावर विचाराला उसंत मिळत नाही. म्हणून मुलाला भिंतीकडे तोंड करून उभे करावे आणि त्याच्या मागून चेंडू भिंतीवर मारावा, म्हणजे तो अचानक नजरेच्या टप्प्यात येतो आणि कधी डाव्या, कधी उजव्या तळव्याने अडवावा लागतो. हे जमू लागल्यावर उंचवट्यांचा रबरी रिअ‍ॅक्शन बॉल घ्यावा. तो टप्पा पडल्यावर कुठे वळेल, याचा अंदाज बांधता येत नाही. दृश्य क्षणोक्षणी झाकणारे स्ट्रोब चष्मे महाग असतात, शिवाय फेफऱ्याचा त्रास असलेल्याने ते वैद्यकीय सल्ल्याविना मुळीच वापरू नयेत.