आजोळच्या वाड्यात निघालेलं जुनं तैलचित्र: त्यातले गृहस्थ कोण आणि चित्रकार कोण, हे कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातला आजोळचा वाडा रिकामा करताना एक मोठं तैलचित्र निघालं. लाल पगडीतले गृहस्थ खुर्चीत बसलेत, अंगरख्यावर लाल फितीचं पदक, कपाळाला गंध, सही कुठेच नाही. आणि मामेमंडळींचं ठाम म्हणणं की हे राजा रविवर्म्यानं काढलेलं आहे.

मी सोलापुरात फ्रेमिंगच्या धंद्यात आहे. दुकानात असं जुनं चित्र आलं की त्याच्या पाठोपाठ रविवर्माही येतोच. पण तुमच्या बाबतीत त्या पदकानंच निकाल लावलाय. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. वर मुकुट, खाली चांदणीच्या आकारावर राजाचा मुखवटा, लाल फीत. रावसाहेब, रावबहादूर या किताबांबरोबर मिळणारं पदक असं असायचं, आणि ते सुरू झालं १९११ च्या दिल्ली दरबारापासून. किताब त्याआधीही मिळत, हे पदक मात्र नव्हतं. रविवर्मा वारले १९०६ साली.

फितीचा रंगही उपयोगाचा आहे. लाल फीत, कडा गडद लाल, म्हणजे रावबहादूर किंवा खानबहादूर. गडद निळी आणि कडा फिकट असती तर रावसाहेब. आता भिंग घेऊन राजाला दाढी आहे का बघा. दाढी असली तर पंचम जॉर्ज, म्हणजे किताब १९३६ च्या आतला. चित्रकारानं पिवळा ठिपका मारून वेळ मारून नेली असेल तर नाइलाज आहे.

शंका एकच राहते. चित्र आधीचं आणि पदक मागाहून चढवलेलं, असं असू शकतं का? असू शकतं. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च चित्राच्या अगदी कडेनं, तिरपा धरा. पदकावर रंग जाड असणारच, चकाकी दाखवायला तो तसाच लावतात, त्यावरून काही ठरवू नका. अंगरख्याची घडी किंवा बटण पदकाच्या खालून पुढे गेलेलं जाणवतंय का, आणि पदकाचा रंग जुन्या तड्यांमध्ये उतरलाय का, ते बघा. दोन्ही दिसलं तर पदक नंतरचं. पुढे कधी सही सापडली तर तिलाही हीच परीक्षा लावा. तड्यांत ओघळलेली सही म्हणजे कुणीतरी भाव वाढवायला केलेली करामत.

माझं मत विचाराल तर आधी चित्रकाराच्या मागे लागू नका, गृहस्थ शोधा. चित्रकार हजार असतील, एका गावातले रावबहादूर मोजकेच. किताबांच्या याद्या १ जानेवारीला आणि राजाच्या वाढदिवसाला सरकारी गॅझेटात छापून येत. जुनी गॅझेटं इंटरनेटवर बरीच मिळतात, फक्त शोधताना गावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाचं टाका, म्हणजे ‘एस’नंतर ‘एच’. आपल्याकडे किताब मिळत ते गिरणीवाल्यांना, सावकारांना, वकिलांना, डॉक्टरांना, मानद मॅजिस्ट्रेटना, नगरपालिकेत वजन असलेल्यांना. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुने गौरवग्रंथ, संस्थांचे वार्षिक अहवाल चाळायला मिळतात का विचारा. देणगीदारांचे फोटो अशाच ठिकाणी छापलेले असतात.

कपाळावरच्या गंधावरून मात्र जात-पंथ ठरवायला जाऊ नका. आपल्याकडे पितरांच्या तसबिरीला सणावारी हार घालतात, गंध-कुंकू लावतात, आणि काच नसलेल्या चित्रावर ते थेट कॅनव्हासवर बसतं. तुमच्या फोटोत गंध भुवयांच्या मधोमध न येता थोडं वर आणि डावीकडे सरकलंय, चेहरा वळलेला असूनही ते सपाट आहे. माझ्या मते ते चित्रकाराचं नव्हे, घरातल्या कुणाचं तरी आहे. त्यापेक्षा गळ्याकडे बघा. सदऱ्याच्या आत दोरा आणि चांदीच्या डबीचा फुगवटा दिसला तर ती लिंगाची डबी, म्हणजे लिंगायत घर. पगडीची घडणही जाणत्याला दाखवा.

मग चित्र उलटं करा. पाठीवरचा पुठ्ठा बहुधा नंतर मारलेला असतो, त्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून पक्कडीनं काढा, उचकटू नका. आत कॅनव्हासवर रंगवाल्या कंपनीचा शिक्का असू शकतो. विन्सर अँड न्यूटनचा असेल आणि त्यात ‘लिमिटेड’ असेल तर कॅनव्हास १८८२ नंतरचा, कारण तेव्हा ती कंपनी लिमिटेड झाली. चौकटीवर पेन्सिलीनं मोडी, कानडी, तेलुगू, गुजराती, काहीही लिहिलेलं सापडेल, सोलापूरच आहे हे. सही पुष्कळदा फ्रेमच्या खाचेत दडलेली असते, म्हणून फ्रेम उतरवल्याशिवाय ‘सही नाही’ म्हणायचं नाही.

कॅनव्हासऐवजी कागद निघाला आणि चेहऱ्यावर कुंचल्याचा एकही फटकारा दिसला नाही, तर ते मोठ्या केलेल्या फोटोवर रंग भरलेलं काम असू शकतं. त्यात कमीपणा नाही, गृहस्थ शोधायला ते उलट सोपं, कारण मूळ फोटो एखाद्या नातेवाइकाकडे असतो. खऱ्या तैलचित्रांतलीही बरीच फोटोवरूनच होत, कधी माणूस गेल्यावर. म्हणून चेहऱ्याच्या वयावरून चित्राचं साल काढू नका.

चित्रकाराचं नाव शेवटी. त्या काळात मुंबईत पिठावाला, त्रिंदाद, धुरंधर, हळदणकर ही व्यक्तिचित्रणातली मोठी नावं, कोल्हापुरातही चांगली परंपरा होती. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या साऱ्यांची चेहरा घडवायची पद्धत एकाच मुशीतली, त्यामुळे नुसती शैली बघून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हात बघा. तुमच्या चित्रात चेहरा उत्तम आहे, पण खुर्चीच्या हातावरचा पंजा हातमोज्यासारखा झालाय. वर घेतलेल्या चौघांपैकी कुणी तो तसा सोडला नसता. नाव पक्कं करणारा कागद म्हणजे घरातली जमाखर्चाची वही. वाड्यातल्या मोडी वह्या रद्दीत घालू नका, किताब मिळाल्यानंतरची दोन-तीन वर्षं आधी वाचून घ्या.

आणि कृपा करून ओलं फडकं, खोबरेल, काच पुसायचा फवारा यातलं काही लावू नका, त्या गंधालाही हात लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतन केंद्र आहे, आधी त्यांना फोटो पाठवून विचारा. मधल्या काळात एखादा ‘नुसती सागवानी फ्रेम द्या’ म्हणत येईल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि पाठीमागचे फोटो इथेच टाका, मोडी मला बऱ्यापैकी लागते.